पत्नीची गर्भपिशवी काढावी लागणार आहे, तिला कसा आधार देऊ? (मदत हवी आहे)

येत्या 19 तारखेला बायकोचं ऑपरेशन आहे. गर्भपिशवी काढायची आहे. ती 36 ची, मी 39 चा. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. ऑपरेशन करावं की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. मला वेगळंच विचारायचं आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

तिला अ‍ॅडेनोमायोसिस आहे. गर्भाशयाचं आतलं अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरतं, पिशवी मोठी होते, पाळीत रक्तस्राव थांबत नाही. जोडीला फायब्रॉइडच्या गाठी. 2020 मध्ये नुसत्या गाठी काढून पिशवी वाचवली. नंतर दोनदा आयव्हीएफ. दुसऱ्या वेळी राहिलं होतं, नवव्या आठवड्यात गेलं. गाठी परत आल्या. गेल्या दिवाळीत हिमोग्लोबिन 6.2 वर आलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. गोळ्या-इंजेक्शनं सगळं करून झालं. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याच्या बातम्या वाचल्या होत्या, ते डोक्यात होतं, म्हणून सांगली, मिरज आणि पुणे अशा तीन ठिकाणी दाखवलं. तिन्हीकडे एकच मत पडलं. बीजकोश ठेवणार आहेत.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पिशवीचा आकार आठवड्यांत लिहितात. हिच्या रिपोर्टवर होतं, '14 आठवड्यांच्या गर्भाएवढी'. मी वाचून पुढे गेलो. ती त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून होती.

आता माझी चूक सांगतो. मागच्या आठवड्यात रात्री भांडी लावता लावता ती म्हणाली, "तू दुसरं लग्न कर. मनापासून सांगतेय." मला काही सुचेना. तिच्या मनावरचं ओझं कमी व्हावं म्हणून बोलून गेलो, "मला कुठे एवढी हौस होती मुलाची? मला तू हवीस." ती हातातली वाटी धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं हे सगळं मी एकटीच करत होते?"

आणि मी बोललो ते खरंही नव्हतं. मलाही हवं होतं. नवव्या आठवड्यात गेलं त्या दिवशी कृष्णेच्या घाटाजवळ गाडी लावून मी तासभर रडलो होतो. तिला हे आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्या रात्रीपासून ती कामापुरतंच बोलते. मेडिक्लेमचे कागद, रजेचा अर्ज, दुधाचा हिशेब.

घरात आई आहे. तिचा जीव आहे सुनेवर, पण येता-जाता "सुटशील गं एकदाची त्रासातून" म्हणते आणि हिचा चेहरा पडतो. मावशीने परवा फोनवर सरोगसीचा विषय काढला. रविवारी दवाखान्याची बॅग भरताना कपाटातून एक दुपटं निघालं. तिच्या आजीने इरकली लुगड्याचं शिवलेलं. "हे कुणाला देऊया?" असं तिने विचारलं. मी "राहू दे" म्हणालो आणि बाहेर निघून गेलो.

तर विचारायचं असं, की ऑपरेशनच्या आधी हा विषय काढू का? की आता तिला त्रास नको, बरी झाल्यावर बोलू? आणि आईला, नातेवाइकांना काय सांगू? ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी कृपया लिहावं.

सदाफुली: दादा, माझं हेच ऑपरेशन 34 व्या वर्षी झालं. आधीच बोला. भूल उतरल्यावर पहिली जाणीव होते ती 'आता संपलं' याची. त्या वेळी शेजारी बसलेल्या माणसालाही तेवढंच दुखतंय हे माहीत असलं की धीर येतो. माझे मिस्टर माझ्यासमोर कधी रडले नाहीत. मी दोन वर्षं समजत होते की त्यांना काहीच वाटलं नाही. घाटावरचं सांगा तिला.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत बाळंतिणी आणि असे पेशंट एकाच मजल्यावर असतात. रात्रभर शेजारच्या खोलीतून बाळाचं रडणं ऐकू येतं. आजच जाऊन वेगळ्या मजल्यावरची खोली मागा.

परिचारिका_मिरज: पोट उघडून असेल तर सहा ते आठ आठवडे जड काही उचलू देऊ नका. भरलेली बादली, मोठा कुकर, काही नाही. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, टाके कमी ओढतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दुसऱ्या दिवसापासून हळूहळू चालवा, पायात गुठळी होऊ नये म्हणून. ताप आला, पोटरी सुजून दुखली किंवा रक्त जास्त जायला लागलं तर वाट न बघता फोन करा. संमतीपत्र तिने स्वतः वाचून सही करावी. बीजकोश ठेवणार, गर्भनलिका काढणार की नाही, हे तिच्यासमोर विचारून घ्या.

मावशींना सांगा, घाई नाही. 2021 च्या कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद आहे, पण बायको 50 आणि नवरा 55 वर्षांचा होईपर्यंत अर्ज करता येतो. दोन वर्षांपर्यंतचं बाळ दत्तक घ्यायला दोघांच्या वयाची बेरीज 85 पर्यंत चालते, तुमची 75 आहे. तिने स्वतः विषय काढेपर्यंत घरात कुणीच काढू नये.

धागाकर्ता: सदाफुलीताई, काल रात्री सांगितलं. घाटाचं, सगळं. ती आधी चिडली, इतकी वर्षं लपवलंस म्हणून. मग दोघंही रडलो. पहाटे तिने विचारलं, त्या बाळाचं नाव मनात ठेवलं होतंस का. ठेवलं होतं. तिनेही ठेवलं होतं, वेगळं.

आईशी मीच बोललो. आई म्हणाली, मला बोलायला दुसरं काही सुचत नाही रे. आता दवाखान्यात पहिल्या रात्री ती थांबते म्हणतेय. बायकोला विचारून ठरवेन.

खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली आहे. बाळंतिणी पहिल्यावर असतात. दुपटं ती बरोबर घेणार आहे, उशीखाली ठेवायला.