फिलेमोनाच्या पत्रावर संदेश द्यायचाय, टीकाग्रंथातलं किती घ्यायचं?

मुलुंडचा पाळक:
सर्वांना सलाम. मी छोटी मंडळी बघतो, सोमवार ते शनिवार नोकरी, तयारी काय ती लोकलमध्ये नाहीतर रात्री जेवणं उरकल्यावर. या महिन्यात फिलेमोनाचं पत्र घेतलंय, म्हणजे नव्या करारात पौलानं फिलेमोनाला त्याच्या अनेसिम नावाच्या दासाला परत घे म्हणून लिहिलेलं पत्र. सगळी मिळून 25 वचनं आणि त्यांचा अर्थ उलगडणारा टीकाग्रंथ हा एवढा जाड. गेल्या रविवारी अनेसिम पळून आला होता की मालकाशी बिनसलं म्हणून पौलाकडे मध्यस्थीला आला, यावरच माझी 20 मिनिटं गेली. उपासना सुटल्यावर दारात एका आजींनी हात धरून विचारलं, "साहेब, मग त्याला परत घरात घेतला का हो?" काय सांगणार? तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तुम्ही एवढ्या माहितीतलं काय उचलता?

परळकर:
साहेब, तो वाद वाया नाही गेला. रोमी कायद्यात मालकाच्या मित्राकडे रदबदलीला गेलेला दास पळपुटा धरत नसत असं एका कायदेपंडिताचं मत आहे. धाकट्या प्लिनी या रोमी लेखकानं सबिनियानस नावाच्या मित्राला असंच पत्र लिहिलंय, रागावलेल्या मालकानं आपल्या मुक्त केलेल्या दासाला माफ करावं म्हणून. पण प्लिनी म्हणतो मी त्याला चांगलं झापलंय, तो रडतोय, आता सोड. पौल म्हणतो मला घेशील तसं त्याला घे, देणं माझ्या नावावर मांड, आणि 19व्या वचनात स्वतःच्या हातानं लिहून देतो की मी फेडीन. ही सरळ हातचिठ्ठी झाली! मी एवढंच उचलतो, बाकी घरी ठेवतो.

ग्रीक शिकणारी:
आधी मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्यानं वाचा असं मी म्हणेन. सुरुवातीला आणि शेवटी "तुम्हांला", मध्ये सगळं "तू". इंग्रजीत दोन्हीकडे यू, म्हणून तिथे टीप द्यावी लागते, आपल्याला ते कानाला कळतं. पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलेलं आहे, म्हणजे विनंती एकट्याला पण ऐकायला सगळे बसलेले, पत्राच्या सुरुवातीला नावं घेतलेले अफ्फिया, अर्खिप्प, सगळे. त्या माणसाची काय अवस्था झाली असेल! आणि 7, 12, 20 या तिन्ही वचनांत "स्प्लांख्ना" हा एकच शब्द आहे, मूळ अर्थ आतडी. आपण आतड्याची माया म्हणतोच की, आजींना हे समजवावं लागणार नाही. अनेसिम म्हणजे उपयोगी, त्यावर 11व्या वचनात पौलानं शब्दाचा खेळ केलाय तोही सांगा, मुलांना फार आवडतो.

परळकर:
आजींचं उत्तर पत्रात नाही हो. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला इग्नाती हा बिशप इफिसच्या मंडळीला लिहिताना अनेसिम नावाच्या बिशपाचा उल्लेख करतो, पण तो हाच असं छातीठोक सांगता येत नाही, नाव दासांत सर्रास असायचं. मला वाटतं फिलेमोनानं ऐकलं असणार, नाहीतर असलं पत्र कोण जपून ठेवतं?

मुलुंडचा पाळक:
ताई, आत्ता ठाण्यापर्यंत उभ्यानं तू आणि तुम्ही पेन्सिलीनं खुणा करत आलो, अंगावर काटा आला. येत्या रविवारी आधी अख्खं पत्र वाचून घेतो, आजींनाच पुढे बसवतो.