जि. प. शाळेचे लॅपटॉप: इथून न्यायचे की तिकडेच घ्यायचे?

प्रेषक: शाळा मदत समिती

नमस्कार मंडळी,
इथे परदेशात गणपतीत जमलेल्या निधीतून भारतात कर्जत तालुक्यातल्या आपल्या जि. प. शाळेला दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी छोटे लॅपटॉप द्यायचं ठरलंय. आता आपल्या एका सभासदाच्या ऑफिसातून ११ इंची जुनी क्रोमबुकं (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारे लॅपटॉप) फुकट मिळतायत, म्हणजे पैसे वाचतील आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम त्यातून होईल असं काहींचं मत आहे. डिसेंबरात गावी जाणाऱ्यांनी बॅगेतून न्यायची का? रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: रविवार शाळा, छोटा गट

काका, प्लीज घाई नको. मी इथल्या एलिमेंटरी स्कूलमध्ये रोज हीच मशीनं उघडते-जोडते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रत्येक क्रोमबुकला अपडेट बंद व्हायची तारीख असते, सेटिंग्जमध्ये जाऊन बघता येते. गूगलने २०२३ मध्ये ही मुदत १० वर्षं केली, पण ती मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, आपल्या हातात आलं तेव्हापासून नाही, म्हणून ऑफिसने काढून टाकलेल्या मशीनची बरीचशी मुदत आधीच संपलेली असते. दुसरं म्हणजे ऑफिसचं मशीन ऑफिसच्या नावावर नोंदलेलं असतं, तुम्ही कितीही वेळा रिसेट करा, ते सुरू झालं की परत ऑफिसचंच लॉगिन मागतं. ऑफिसच्या आयटीवाल्याने ऑफिसच्या यादीतून ते रीतसर मोकळं केल्याशिवाय कर्जतमध्ये त्याचा काही उपयोग नाही. आणि बॅगेतून म्हणाल तर १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एकच लॅपटॉप ड्युटी-फ्री नेता येतो, बहुतेकांचा स्वतःचाच असतो.

पण माझी खरी काळजी दुरुस्तीची आहे. दुसरीतली मुलं बोलता बोलता नखाने कीबोर्डची बटणं उचकटतात, मुद्दाम नाही हो, हाताला चाळा. स्क्रीन पडून फुटतात त्यापेक्षा जास्त पेन्सिल आत राहिली आणि झाकण दाबलं म्हणून फुटतात, मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग जाते. चार्जिंगची पिन तिरकी घालून सॉकेट ढिलं होतं. आमच्याकडे कपाटभर सुटे भाग असतात म्हणून दुसऱ्या दिवशी मशीन वर्गात परत जातं, गावात ते भाग कुठून आणणार? म्हणून मी म्हणते की सगळी एकाच मॉडेलची घ्या आणि जो तिथेच दुरुस्त करून देईल त्याच्याकडून घ्या, शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, याच कर्जतजवळच्या खैराटच्या धनगरवाड्यात २००७ मध्ये ओएलपीसीचे, म्हणजे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे, हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांना दिले होते. एमआयटी मीडिया लॅबचे संस्थापक निकोलस निग्रोपॉन्टे यांचा तो १०० डॉलरवाला लॅपटॉप, जो प्रत्यक्षात तेव्हा १८८ डॉलरच्या आसपास गेला. मशीन म्हणून अतिशय विचार करून केलेलं होतं, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कीबोर्ड, भर उन्हात वाचता येईल असा साडेसात इंची स्क्रीन, हार्ड डिस्कच नाही त्यामुळे पडून ती बिघडायचा प्रश्नच नव्हता. आजही लहान मुलांसाठी इतकं मनापासून केलेलं मशीन मला दिसत नाही. पण पेरू देशात हेच लॅपटॉप दिलेल्या खेड्यांचा ३१९ शाळांमध्ये अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो आला, त्यात गणित आणि भाषेत काही फरक पडल्याचं दिसलं नाही. बाईंच्या हातात रोजच्या धड्यासाठी काय द्यायचं याचा विचार मागे राहिला की असं होतं, म्हणून पहिलं मशीन बाईंना द्या आणि दोन महिने त्यांच्याकडे राहू दे.

प्रेषक: खजिनदार

ताई, सगळं पटलं, पण फुकटचं सोडायचं म्हणजे जिवावर येतं. आणि टॅबलेट स्वस्त पडतील ना?

प्रेषक: नाशिककर

माझी वहिनी जि. प. शाळेत आहे, तिला फोन करून विचारलं. टॅबवर मुलं व्हिडिओच बघत बसतात, लिहायला कीबोर्ड हवा असं ती म्हणते, आणि टचपॅड लहान बोटांना जमत नाही तर वायरचा माउस द्या. दुपारी लाइट जाते, दहा मशीनं एकदम चार्जिंगला लावली तर ४५ वॅटच्या चार्जरने साडेचारशे वॅट होतात, वर्गातल्या एका प्लगवर एक्स्टेंशन टाकून ते करू नका, इलेक्ट्रिशियनला वायरिंग दाखवा. इंटरनेटचा भरवसा नाही, तर कोलिब्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर बघा, एका लॅपटॉपवर धडे भरून ठेवायचे आणि वायफायने बाकीच्यांना तिथल्या तिथे दिसतात, बाहेरचं नेट लागत नाही.

प्रेषक: रविवार शाळा, छोटा गट

वहिनींना माझा नमस्कार सांगा, माउसचं अगदी बरोबर आहे. खजिनदार काका, टॅबची काच फुटली की काच बदलायचा खर्च नव्या स्वस्त टॅबच्या जवळ जातो. ११ इंची लॅपटॉप, कमीत कमी ४ जीबी रॅम, जमलं तर ८. दोन मुलांत एक पुरतो, एक टाइप करतो आणि दुसरा सांगतो, त्यात मुलं जास्त बोलतात हे मी वर्गात बघितलंय. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकवा, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, देवनागरी स्टिकर चिकटवले की बास.

प्रेषक: शाळा मदत समिती

ठरलं तर मग. कर्जतच्या दुकानदाराकडून दोन वर्षांच्या दुरुस्तीसकट कोटेशन मागवतो, आधी दोन मशीनं बाईंकडे जातील, बाकीची त्यांच्या सांगण्यावरून जूनमध्ये, आणि वायरिंगचा खर्च यातूनच. ऑफिसवाली क्रोमबुकं त्यांच्या आयटीने मोकळी करून दिली आणि मुदत शिल्लक असेल तर आपल्या रविवारच्या शाळेला घेऊ. ताई, तारखा तपासायला शनिवारी याल का?