भट्टीत लोखंड वितळायचंच नाही

एकांनी लिहिलंय की दिल्लीचा लोहस्तंभ वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केला असावा. तसं नाही. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. कोळसा आणि हातभाता यांवर चालणारी मातीची भट्टी साधारण १२०० च्या आसपास जायची. तेवढ्या उष्णतेत धातुकातला, म्हणजे लोखंडाच्या खनिज दगडातला, ऑक्सिजन कोळशाच्या वायूबरोबर निघून जातो, मळी (दगडातला वितळलेला टाकाऊ भाग) पातळ होऊन वाहते, पण लोखंड घनच राहतं. हाती येतो तो स्पंजासारखा सच्छिद्र गोळा, पोटात बरीच मळी घेऊन. तो लालबुंद असताना घणाने ठोकत राहायचं, म्हणजे मळी पिळून बाहेर पडते. त्या काळचं 'शुद्धीकरण' म्हणजे मुख्यतः ही ठोकाठोकच! सहा टनांहून जड असलेला तो स्तंभही असे गोळे तापवून, एकमेकांत ठोकून जोडलेला आहे. अशी भट्टी आपल्याकडे नागपूरजवळ नायकुंडच्या उत्खननातही सापडली आहे.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हे वेगळं प्रकरण. त्यात कार्बन भरपूर, म्हणून ते ११५०च्या सुमारास वितळतं आणि ओतता येतं, पण घणाखाली फुटतं. १७८४ मध्ये इंग्लंडच्या हेन्री कोर्टने यावर उपाय काढला: वितळलेलं बीड भट्टीत सळईने ढवळत राहायचं. कार्बन जळत जातो तसा वितळणबिंदू चढतो, आणि त्याच आचेवर रस घट्ट होऊन त्याचा गोळा बनतो. ढवळणाऱ्याच्या पाठीचं काय होत असेल, देव जाणे.