किशोरवयीन मुलांमधील व्यसनप्रतिबंध : भाषणे आणि शपथा आता थांबवाव्यात का?

चौकस (धागाकर्ते)

किशोरवयीन मुलांनी दारू, सिगारेट आणि अंमली पदार्थांच्या वाटेला जाऊ नये म्हणून जे सामूहिक उपक्रम चालतात, त्यांची बरीच शक्ती आजही भाषण, शपथ आणि घोषणा यांतच खर्ची पडते. हे उपक्रम बहुतांशी थांबवावेत आणि तो पैसा व मनुष्यबळ मुलांचा रिकामा वेळ, पालकांचा आपसातील संपर्क आणि हे पदार्थ सहज मिळण्याच्या वाटा यांकडे वळवावे, असे माझे मत आहे.

अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलीस आणि शाळा यांनी मिळून ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन मुलांना अंमली पदार्थांचे दुष्परिणाम सांगत आणि नकार द्यायला शिकवत. पालक खूश होते, पोलीस खूश होते आणि कार्यक्रम देशभर पसरला. १९९४ साली त्यावरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष व्यसनावर त्याचा परिणाम अत्यल्प असल्याचे दिसले, आणि २००३ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही दीर्घकालीन अभ्यास तपासून जवळपास तोच निष्कर्ष काढला. त्याच देशात १९९८ ते २००४ या काळात सुमारे १ अब्ज डॉलर खर्चून किशोरांसाठी जाहिरात मोहीम राबवण्यात आली. तिच्या मूल्यमापनात गांज्याचे सेवन घटल्याचा पुरावा मिळाला नाहीच, उलट जाहिराती अधिक पाहिलेल्या काही मुलांचा कल सेवनाकडे किंचित झुकल्याची चिन्हे दिसली. ‘घेऊ नका’ असे रोज ऐकणारे मूल ‘म्हणजे बाकीचे सगळे घेत असणार’ असा अर्थ काढते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते आणि मला ते पटते.

याउलट आइसलँडमध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी मागील महिन्यात एकदा तरी झिंगलेल्यांचे प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होते, ते २०१६ साली ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. तिथे मुलांना उपदेश करण्यापेक्षा त्यांच्या भोवतालात बदल केला गेला. खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी अनुदान मिळाले, रात्री मुलांनी एकटे बाहेर असण्याच्या वेळेवर मर्यादा आली, पालकांनी आपसात लेखी करार केले, जाहिरातींवर बंदी आली, आणि शाळाशाळांतील सर्वेक्षणांचे निष्कर्ष त्या त्या वस्तीच्या हातात लगेच पडत राहिले. दारू विकत घेण्याचे किमान वय तिथे २० वर्षे आहे.

दिगंबर

चौकस यांचा पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा नाही. आइसलँडचा दाखला हल्ली प्रत्येक चर्चेत येतो आणि प्रत्येक वेळी त्यातील एक अडचण गाळली जाते, ती म्हणजे तुलनेसाठी दुसरा आइसलँड उपलब्ध नव्हता. याच काळात युरोपातील अनेक देशांत किशोरांचे मद्यपान घटले. १९९५ पासून तिथे ठरावीक वर्षांनी होणाऱ्या शालेय सर्वेक्षणांत ही घट दिसते, आणि अमेरिकेत १९७५ पासून चालू असलेल्या सर्वेक्षणातही हाच कल आहे. त्यांतील बहुतेक ठिकाणी ना पालकांचे करार होते, ना रात्रीच्या वेळेची बंधने. आइसलँडमधील घट अधिक तीव्र होती हे मी नाकारत नाही, परंतु त्यातील किती श्रेय कार्यक्रमाचे आणि किती काळाचे, हे वेगळे काढल्याखेरीज त्यावर सार्वजनिक पैसा ओतणे मला घाईचे वाटते. शिवाय पावणेचार लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या, श्रीमंत आणि बऱ्याच अंशी एकजिनसी समाजात जे जमते, ते पालक दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या वस्तीत जमेल, हे गृहीत धरता येत नाही.

चौकस

दिगंबर यांची शंका रास्त आहे, म्हणून तुलनागट असलेले उदाहरण देतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटॅलानो यांनी मांडलेल्या ‘कम्युनिटीज दॅट केअर’ या पद्धतीची चाचणी २००३ पासून अमेरिकेच्या ७ राज्यांतील २४ लहान शहरांत झाली. शहरांच्या जोड्या लावून कोणत्या शहरात पद्धत राबवायची हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले गेले. पद्धत राबवायला निवडलेल्या प्रत्येक शहरात शिक्षक, पालक, पोलीस, आरोग्यसेवक आणि व्यापारी यांचे मंडळ बसले, मुलांच्या सर्वेक्षणातून आपल्या गावातील नेमका धोका कोणता हे त्यांनी पाहिले आणि मग परिणाम सिद्ध झालेल्या उपक्रमांतून निवड केली. आठवीपर्यंत पोहोचलेल्या मुलांत दारू आणि तंबाखूचे सेवन तुलनेच्या शहरांपेक्षा कमी होते. ही शहरे काही आइसलँडइतकी सुस्थितीत नव्हती.

दिगंबर

हेच संशोधन पुढे वाचले तर बारावीपर्यंत चालू सेवनातील फरक पुसट झालेला दिसतो. एकदाही न घेतलेल्यांचे प्रमाण अधिक राहिले, हे खरे. पण जी मुले घेऊ लागली होती, ती दोन्हीकडे सारखीच घेत होती. म्हणजे कार्यक्रमाने सुरुवात लांबवली, आणि सुरू झालेल्यांना मात्र फारसा हात दिला नाही.

अरुंधती_स

मी शालेय समुपदेशक म्हणून काम करते आणि धाग्याच्या शीर्षकातील ‘थांबवाव्यात’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. वाईट भाषण थांबवावे, हे मान्य. काळवंडलेल्या फुप्फुसाचे चित्र पडद्यावर आले की पुढच्या रांगेतील मुले डोळे झाकतात आणि मागच्या रांगेत हशा पिकतो, हा प्रकार मीही पाहिला आहे. परंतु भाषणानंतर आम्ही एक बंद पेटी ठेवतो आणि मुलांना नाव न लिहिता चिठ्ठी टाकायला सांगतो. दारूने यकृताचे काय होते, असे त्या चिठ्ठ्यांत जवळजवळ कोणी विचारत नाही. ‘मित्राने ग्लास पुढे केला तर मैत्री न तोडता काय म्हणायचे’ हा प्रश्न असतो. ‘बाबा रोज घेतात, त्यांना काहीच झालेले नाही, मग माझ्यावरच बंदी का’ हा असतो. एका चिठ्ठीत इतकेच होते की ‘दादाच्या कपाटात गोळ्या आहेत, मी आईला सांगू का’. जाहीर कार्यक्रम झालाच नसता तर ही चिठ्ठी कुठे पडली असती, हे मला चौकस यांनी सांगावे.

वर्गात शिकवण्याने काहीच साधत नाही, हेही बरोबर नाही. बाल्टिमोरमध्ये १९८०च्या दशकाच्या मध्यावर पहिलीच्या वर्गांत एक साधा खेळ चालवला गेला. मुलांचे गट करायचे, शिक्षकाने वर्गाचे नियम स्पष्ट सांगायचे आणि नियम पाळणाऱ्या प्रत्येक गटाला बक्षीस द्यायचे, मग सगळेच गट जिंकले तरी हरकत नाही. त्यात अंमली पदार्थांचा उल्लेखसुद्धा नव्हता. तरीही ही मुले १९ ते २१ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातील, विशेषतः लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांतील, व्यसनाधीनतेचे प्रमाण तुलनेच्या वर्गांपेक्षा कमी आढळले. म्हणजे चौदाव्या वर्षी घाबरवण्यापेक्षा सहाव्या वर्षी स्वतःला आवरायला शिकवणे अधिक कामाचे ठरते, आणि ते काम शाळेतच होते.

परखड

इतकी मोठी मंडळे, सर्वेक्षणे आणि करार करण्याऐवजी घरातच शहाणपणाने वागावे, असे मला वाटते. मुलाला आपल्या डोळ्यांसमोर थोडीशी चाखू द्यावी. कुतूहल मिटते, लपवाछपवी राहत नाही, आणि बाहेर गेल्यावर ते वाहवत जात नाही. ज्या गोष्टीवर बंदी घालाल, तिचे आकर्षण वाढणारच.

डॉ_मृण्मयी

परखड यांचे म्हणणे ऐकायला तर्कशुद्ध वाटते आणि दवाखान्यात अनेक सुशिक्षित पालक तेच बोलतात. त्याची तपासणी झालेली आहे. ऑस्ट्रेलियात १९०० हून अधिक किशोरांचा सलग ६ वर्षे पाठपुरावा करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालकांनी दारू दिल्याने मुलांना कसलेही संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही, उलट अशा मुलांना पुढील वर्षी इतरांकडूनही दारू मिळण्याची शक्यता वाढली. घरातील घोट बाहेरच्या घोटाची जागा घेत नाही, त्यात भर घालतो. आकर्षण बंदीमुळे वाढते असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की घरात मोकळीक मिळालेल्या मुलाला मित्रमंडळींत ‘माझ्या घरी चालते’ असे सांगता येते आणि मग सगळा गट त्याच घरी जमतो.

सुरुवात लांबवण्याला दिगंबर कमी लेखतात, ते मला पटत नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १५ वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूच्या आहारी गेलेले होते, तर विशीत किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. लवकर पिणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थिती मुळातच बिकट असते आणि त्यामुळे सगळा दोष वयावर टाकता येत नाही, हे कबूल. तरीही निर्णयक्षमता आणि आवर यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांची उसंत मिळाली तर ती क्षुल्लक नाही.

वाटसरू

आतापर्यंतच्या चर्चेत सगळेजण मूल पहिल्यांदा केव्हा घेते यावरच बोलत आहेत. ज्याने घेतली आहे, त्याचे काय? समाजाने एकदा ‘आमच्याकडे हे चालत नाही’ अशी सामूहिक भूमिका घेतली, शाळेने सापडल्यास काढून टाकण्याचा नियम केला आणि पालकांनी लेखी करार केले, की मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका दारू हा राहत नाही, पकडले जाणे हा होतो.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. पाच मुले एका रिकाम्या घरात प्यायली आहेत, त्यांतील एक निपचित पडला आहे आणि हाक मारली तरी उठत नाही. बाकीच्यांना वाटते की पिणे थांबले आहे, म्हणजे हळूहळू उतरेल. प्रत्यक्षात पोटातील दारू रक्तात मिसळतच राहते, त्यामुळे शेवटच्या घोटानंतरही बराच वेळ नशा चढत जाते. घशाची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेली असते आणि उताणे झोपलेल्या मुलाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी, एवढेच त्यांना करायचे असते. पण फोन केला तर शाळेत कळेल, म्हणून ती मुले त्याच्या अंगावर पांघरूण घालून दिवा मालवतात. मदत मागणाऱ्या मुलावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर कारवाई होणार नाही, ही हमी ज्या सामूहिक कार्यक्रमात लेखी नाही, त्याला माझा विरोध आहे, मग त्याची आकडेवारी कितीही चांगली असो.

अरुंधती_स

वाटसरू यांच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त ‘सुरुवात झालेल्यांसाठी’ म्हणून पुढे काय केले जाते, याबाबत एक सावधगिरी सुचवते. अशा मुलांना वेगळे काढून त्यांचा गट करणे आणि दर आठवड्याला एकत्र बसवणे, हा सर्वांना सुचणारा उपाय आहे आणि तो अनेकदा उलटतो. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली सुरू झालेल्या प्रकल्पात मुलग्यांना काही वर्षे मार्गदर्शन, शिकवणी आणि उन्हाळी शिबिरे मिळाली. सुमारे ३० वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्यांचा माग काढला, तेव्हा मदत मिळालेल्यांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईट निघाली, आणि एकाहून अधिक वेळा शिबिराला गेलेल्यांत हा फरक ठळक होता. पुढे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात किशोरांच्या गटबैठकांनंतर धूम्रपान वाढल्याचे दिसले. आगाऊपणाच्या गोष्टीला गटात हशा मिळतो आणि तो हशाच बक्षीस ठरतो. अशा मुलाशी एकेकटे बोलावे, त्याच्या पालकांना सोबत घ्यावे आणि त्याला इतर मुलांच्या संघात, वाद्यवृंदात, खेळात मिसळू द्यावे.

दिगंबर

मग प्रश्न पुन्हा पैशांपाशी आणि माणसांपाशी येतो. संघ, वाद्यवृंद आणि एकेका मुलाशी बोलणारे समुपदेशक यांचा खर्च वार्षिक भाषणाच्या कित्येक पट असतो, आणि भाषणाचे छायाचित्र काढता येते. माझा दुसरा आक्षेप पालकांच्या करारांना आहे. सही करायला येतात ते पालक आधीच जागरूक असतात. ज्या घरात मुलाकडे लक्ष द्यायला कोणी नाही किंवा जिथे मोठेच आहारी गेलेले आहेत, ते घर सभेला येत नाही, आणि त्या मुलाला मग बाकीच्या घरांचे दरवाजे बंद होतात. करार त्याला गटाबाहेर ढकलण्याचे साधन बनतो.

चौकस

करारात काय लिहिले आहे, यावर ते अवलंबून आहे. ‘तुमच्या मुलाने अमुक केल्यास’ अशी कलमे घातली तर दिगंबर म्हणतात तसेच होईल. मी ज्या करारांचा आग्रह धरतो, त्यांत पालक फक्त स्वतःच्या घरापुरते बांधून घेतात. माझ्या घरी मुले जमतील तेव्हा एक मोठे माणूस घरात असेल, अल्पवयीन कोणालाही दारू दिली जाणार नाही, घरातील बाटल्या आणि औषधे कुलपात असतील, आणि कोणाच्याही मुलाला रात्री माझी मदत लागली तर आधी त्याला सुरक्षित पोहोचवीन, जाब नंतर विचारीन. वाटसरू यांची हमी याच शेवटच्या कलमात बसते. सही न केलेल्या घरातील मुलालाही या घरांत यायला कोणतीच आडकाठी नाही. किंबहुना त्याने अशाच घरी यावे, कारण तिथे मोठे माणूस हजर असते. खर्चाबाबत मात्र माझ्याकडे सोपे उत्तर नाही. अनुदान नसेल तर शाळेचे मैदान आणि सभागृह संध्याकाळी उघडे ठेवण्यापासून सुरुवात करावी, असे सुचवतो. त्यासाठी देखरेखीला दोन माणसे आणि एक किल्ली लागते, आणि ती किल्ली कोणाकडे राहील यावरच बहुतेक ठिकाणी घोडे अडते.