उत्तर: उत्तर: भुऱ्या ओकतोय, केसांची पेस्ट कुणाकडे आहे का? (तातडीचं)

गुरुवार, रात्री ९:१२ | मेधा, टारनीट (मेलबर्न)

मंडळी, वसुधा काकू पुण्याला गेल्यात, म्हणून त्यांचा बोका भुऱ्या रविवारपासून माझ्याकडे आहे. संध्याकाळपासून तीनदा ओकला. पहिल्यांदा केसांची वळकटी पडली, करंगळीएवढी, ओली, तपकिरी. नंतर दोन्ही वेळा नुसता फेस. काकूंनी दिलेली, गिळलेले केस पोटातून सरकवायच्या माल्टच्या पेस्टची ट्यूब कापून बघितली, आत वाटाण्याएवढी पेस्ट उरली आहे. टारनीट, हॉपर्स क्रॉसिंग, पॉइंट कुक, कुणाकडेही असेल तर आत्ता येऊन घेऊन जाते. काकूंचा पुण्याचा फोन लागत नाहीये.

रात्री ९:३१ | शिरीष काका

मेधा, पेस्टच्या मागे लागू नकोस. चमचाभर साजूक तूप कोमट करून पाज. आमच्या वाईच्या वाड्यात सात-आठ मांजरं होती. आई लोणी कढवलं की बेरी त्यांच्यापुढे ठेवायची, एकालाही कधी औषध लागलं नाही. तुपाने नाही झालं तर चिमूटभर इसबगोल दुधातून.

रात्री ९:४४ | अनघा

काका, रागावू नका, पण तूप नको आणि दूधही नको. तूप मांजराला पचतं. ते आतड्यात शोषलं जातं, मग केस सरकवायला उरतच नाही. पेस्टमध्ये पॅराफिनसारखं न पचणारं वंगण घालतात ते याचसाठी. आणि "पाज" तर मुळीच नको. तेलकट काही जबरदस्तीने तोंडात सोडलं आणि ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध सोसत नाही, जुलाब होतात. इसबगोल व्हेटही (प्राण्यांचे डॉक्टर) कधीकधी देतात, पण बद्धकोष्ठाला, माप ठरवून, आणि पाणी पोटात जात असेल तरच. ओकणाऱ्या मांजराला नाही.

मेधा, पेस्ट माझ्याकडे आहे, पण आधी सांग: शेवटचं कधी खाल्लं? शी कधी झाली? पोटाला हात लावू देतोय का? आठवड्या-पंधरवड्याला एखादा केसांचा गोळा पडणं फार वेगळं नाही, असं कॉर्नेल विद्यापीठाचं मांजरांचं आरोग्य केंद्रही सांगतं. गोळा पडला की मांजर बहुधा थोड्या वेळाने वाटीकडे जातं. उमाळे येत राहिले, बाहेर काही पडलं नाही आणि अन्नावर वासना नसली, तर मात्र कुठेतरी अडकलंय असं धरून चालायचं. तेव्हा पेस्टसुद्धा द्यायची नसते.

रात्री ९:५८ | प्रदीप

मेधाताई, भुऱ्याला कुठे ठेवलंय? देवीच्या सजावटीचं खोकं आणि सतरंज्या तुमच्या गॅरेजमध्ये आहेत. गेल्या वर्षी सतरंज्यांवर मांजराचे केस निघाले आणि दोन मुलांना शिंका सुरू झाल्या. शनिवारी नवरात्राच्या कार्यक्रमाला तेच सामान लागणार आहे. सामान कुणाच्या घरी ठेवू नये हे मी एप्रिलच्या सभेत बोललो होतो, नोंदही आहे.

रात्री १०:०३ | मेधा

प्रदीप, सतरंज्या प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या आहेत, वरच्या फळीवर. खोकं मात्र काल झालरी मोजायला हॉलमध्ये आणलं होतं, तिथेच आहे.

अनघाताई, सकाळी नऊला दोन घास खाल्ले, नंतर काही नाही. शी काल सकाळची. पोटाला हात लावला की आवळून बसतो. सोफ्यामागे जाऊन बसलाय, हाक मारली तरी शेपटी हलवत नाही.

रात्री १०:०६ | अनघा

झालरी कसल्या? जरीच्या दोऱ्याच्या? आत्ता खोकं उघडून बघ. मग भुऱ्याचं तोंड उघडून जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूला बघ. दोरा दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही. एक टोक जिभेला किंवा जठरात अडकतं आणि दुसरं आतड्यात पुढे जात राहतं. परकराची नाडी ओढली की नेफा कसा गोळा होतो, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा त्याला कापत जातो.

रात्री १०:१७ | मेधा

सोनेरी झालरीचं एक टोक चावलेलं आहे. तीन-चार गोंडे नाहीत. जिभेखाली काही दिसत नाही, पण तो नीट बघूही देत नाही. वेरिबीच्या चोवीस तासवाल्या दवाखान्यात फोन केला, लगेच या म्हणाले.

रात्री १०:१९ | निशा

मी गाडी काढतेय, पाच मिनिटांत दारात. खोक्याचं झाकण काल मीच उघडं ठेवलं होतं. उरलेली झालर सोबत घे, डॉक्टरांना दाखवायला.

रात्री १०:४१ | शिरीष काका

मेधा, तुपाचं माझं म्हणणं मागे घेतो. वाड्यातली मांजरं दिवसभर परसात असायची, गवत खायची, ओकायची कुठे ते कुणी बघायला जात नव्हतं. एकालाही औषध लागलं नाही असं मी लिहिलं, पण एक पांढरी मांजरी चार दिवस जिन्याखाली पडून गेली होती. ती कशाने गेली ते आम्हाला कळलंच नाही. कितीही उशीर झाला तरी कळव, जागा आहे.

शुक्रवार, सकाळी ६:३५ | मेधा

भुऱ्या दवाखान्यातच आहे, पण बरा आहे. एक्स-रे आणि सोनोग्राफी केली. आतडं कुठे गोळा झालेलं नाही. लहान आतड्याच्या शेवटी केसांचा गोळा होता. सलाईन लावलं, उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं. पहाटे चारच्या सुमारास तो गोळा सोनोग्राफीत पुढे सरकलेला दिसला आणि सहाला शीतून पडला. डॉक्टरांनी तो चिमट्याने उकलून दाखवला: राखाडी केस, आणि मध्ये चार बोटं सोनेरी जर, केसांत वेणीसारखी गुंफलेली. बाकीचे गोंडे सोफ्याखाली सापडले. हा जरीचा दोरा केसांत न गुंफता एकटाच आत गेला असता तर ऑपरेशनच होतं, असं त्या म्हणाल्या. गोळा दिसला तरी थांबू नका, खाणं बंद झालं की या, असंही सांगितलं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठते, जाड मांजरात तर जास्तच. भुऱ्या साडेसहा किलो आहे.

सकाळी ७:१० | सुनील, क्लेटन

वाचून धीर आला. एक लिहून ठेवतो. आमची राणी मान लांब करून, अंग जमिनीला टेकवून खोकायची आणि बाहेर काही पडायचं नाही. आठ महिने आम्ही केसांचा गोळा समजून पेस्ट चाटवत होतो. शेवटी दमा निघाला. आता मास्क लावून इनहेलर देतो. पुढच्या वेळी तसं दिसलं तर मोबाईलवर चित्रण करून व्हेटला दाखवा, दवाखान्यात मांजर खोकत नाही.

सकाळी ७:२६ | अनघा

सुनील, अगदी बरोबर. आणि आता सप्टेंबर. इथला वसंत म्हणजे थंडीतला सगळा कोट गळायचा काळ. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात, चाटलेला केस त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. केस पचतही नाहीत. म्हणून रोज विंचरणं हाच खरा उपाय, पेस्ट त्याच्यानंतर, तीही दोन जेवणांच्या मध्ये. एरवीपेक्षा जास्त चाटत असेल तर पिसवा आहेत का बघा.

शनिवारी देवीला कुणीही लिली आणू नका, ही मात्र विनंती. घटाचे उगवलेले गहू मांजराने खाल्ले तर चालतात. लिलीचं पान, फूल, अंगाला लागलेले परागकण, काहीही चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

सकाळी ८:०२ | प्रदीप

खोकं आज संध्याकाळी मी घेऊन जातो, कार्यक्रमाच्या हॉलची किल्ली मिळेपर्यंत माझ्या ऑफिसच्या कपाटात राहील. मेधाताई, काल तुम्ही भुऱ्याच्या काळजीत असताना मी सतरंज्यांचं लिहीत बसलो, ते लिहायला नको होतं. जरीच्या झालरी यंदा लावू नयेत, कागदाच्या करू. मी आणि निशा उद्या सकाळी बसतो.

सकाळी ९:४८ | वसुधा काकू, पुणे

मेधा, आत्ता उठून मेल वाचल्या. फोन चार्जिंगला लावून झोपले होते. तुझे आणि निशाचे उपकार कसे फेडू? दवाखान्याचं बिल मला पाठव, नाही म्हणू नकोस.

निळ्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात स्टीलचा बारीक दातांचा कंगवा आहे. पाठीपासून सुरू करशील तर पळेल. आधी हनुवटी, मग कानामागे, डोळे मिटले की पोट आणि मांड्यांची मागची बाजू. तिथे गुंता होतो. ओढू नकोस, गाठ बोटांनी मोकळी कर आणि मग कंगवा. एका बाजूचं आज, दुसऱ्या बाजूचं उद्या. घरी आणल्यावर फक्त त्याच्याजवळ फोन धर, मी हाक मारते.