टाकाऊतून काही बनवलंय? अंगणात, रानात जीव रमलाय? मराठवाडेकरांनो, इथं लिहा

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आधी घरोघरी माळे आवरायला काढतात आणि भंगारवाल्याचा गाडा दारात आला की डबे, पोती, लुगडी, बाटल्या सगळं तराजूत जातं, आणि त्यातलं निम्मंअर्धं अजून वर्षानुवर्षं कामाला येण्यासारखं असतं असं माझं पक्कं मत आहे. आपल्याकडं फेकायची पद्धतच नव्हती की हो. लुगडं विटलं की वाकळीत म्हणजे गोधडीत, वाकळ झिजली की तिचं पोतेरं आणि पोतेरंही गेलं की उकिरड्यावर, तिथून खतासंगं परत रानात.

दुसरं एक माझ्या ध्यानात आलंय. हातानं केलेली अशी वस्तू कुणी दाखवली की दोन वाक्यांनी त्यांच्या बोलण्यात झाड नाहीतर पाखरू येतंच. म्हणून दोन्ही एकाच धाग्यात मागतेय. काय वापरलं, कसं केलं, करताना भोवती काय दिसलं ते सविस्तर लिहा, भाषा कशीही चालंल. फोटो नसला तरी चालंल पण कृती लिहा म्हणजे दुसऱ्याला करता येईल.

सुरुवात माझ्यापासून. मी लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, आम्ही ते घागरीनं मोजून वापरलं. तवापासून भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत जात नाही आमच्याकडं. रंगाच्या रिकाम्या बादल्या होत्या, त्यांना बुडाशी खिळा तापवून भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे, वर नारळाच्या शेंड्या, मग माती आणि शेणखत, आणि त्यात कढीपत्ता, जास्वंद, लिंबू लावलं. शेंड्यांनी ओल धरून राहते, उन्हाळ्यात एक दिवस पाणी नाही मिळालं तरी झाड मान टाकत नाही. त्या जास्वंदीवर पावसाळ्यात शिंपी पक्ष्यानं घर केलं. पानाच्या दोन्ही कडांना चोचीनं भोकं पाडून कापूस ओवलेला, आणि भोकाच्या बाहेर कापूस असा फुगवून ठेवलेला की तो मागं सरकू नये. कापूस आमच्याच फाटक्या गादीचा, गच्चीत वाळत घातली होती तिथून नेलेला. मी कितीदा तरी जाऊन नुसती बघत उभी राहायची.

अंबाजोगाईहून

ताई, वाकळीचं नाव काढलंत म्हणून लिहिते. मला आजेसासूबाईंनी शिकवलं. लुगडं सुतीच पाहिजे, तेही धुऊन धुऊन मऊ पडलेलं. नवं कापड आटतं आणि पहिल्या धुण्यातच शिवण गोळा होते. खाली एक लुगडं, वर एक, मधी धोतराची पानं, सदरे, उशीचे अभ्रे, लेकरांचे परकर असंल ते घालायचं, फक्त शिवणी उसवून, गुंड्या काढून सपाट करून. सारवलेल्या अंगणात पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हातानं सुरकुती सारत सारत कडेपर्यंत न्यायची आणि कच्चे टाके घालून घ्यायचे. मग धावदोरा. बाहेरच्या कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन करत आत आत यायचं, मधोमध संपवायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. ओळी जितक्या जवळ तितकी वाकळ टिकते पण जड आणि ताठ होते, हे ज्याचं त्यानं ठरवावं, मला थोडी सैलच आवडते.

आम्ही बसतो कडुलिंबाखाली, चैत्रात. तवा लिंबाचा मोहर गळत असतो, बारकी पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, दिवस कलला की वास असा सुटतो की स्वयंपाकाला उठावं वाटत नाही. कापडावर फुलांचा नुसता सडा, कितीही झटका एखादं फूल थरात जातंच आणि तसंच शिवलं जातं. लेकीला दिलेल्या वाकळीतही गेली असतील. शेजारच्या दोघी तिघी येतात, जिची वाकळ तिच्या घरचा चहा, आणि कुठला तुकडा कुणाच्या कशाचा हे सांगता सांगता दुपार जाते. हा माझ्या भावाच्या मुंजीतला सदरा, हे आईचं शेवटचं लुगडं. विकतच्या ब्लँकेटला हे कुठून येणार?

परभणीहून

चिमण्यांसाठी घर सगळेच करतात पण बुटाच्या खोक्याचं करतात आणि ते पहिल्या वळवाच्या पावसात भिजून जातं. माझं ऐका, फळांच्या पेट्यांची लाकडं घ्या. मोंढ्यात आंब्याच्या, सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या पडूनच असतात. भोक सव्वा ते दीड इंचाचं ठेवा, त्याहून मोठं केलं तर साळुंकी घुसते आणि चिमणीला हुसकून लावते. भोकासमोर बसायला काडी लावू नका, चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र ती फार सोयीची पडते. तोंड पूर्वेला नाहीतर उत्तरेला. आमच्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढं जातो, पश्चिमेच्या भिंतीवर घर टांगलं तर आतली पिल्लं भाजून निघतील. वर एक पोत्याचा तुकडा बांधा आणि पिल्लं उडून गेल्यावर आतलं गवत काढून टाका म्हणजे पुढच्या खेपेला किडे होत नाहीत.

आणखी एक, नुसते तांदूळ टाकून भागत नाही. पिल्लांना पहिले दिवस अळ्या, किडेच लागतात, म्हणून परसात फवारा मारणं मी बंद केलंय. नर चिमणा चोचीत हिरवी अळी धरून येतो, आधी तारेवर बसून इकडं तिकडं बघतो, मग झपकन आत. निवृत्त झाल्यावर माणसं काय करावं म्हणतात, मला तर सकाळ पुरत नाही.

पाटोदा, जि. बीड

लई भारी धागा. आमचे मायबाप ऊसतोडीला जायचे, आम्ही आजीपाशी गावात. खेळणी विकत घेणं माहीतच नव्हतं, ज्वारी काढून कडबा बांधायला आला की आमचा बैलगाड्यांचा कारखाना सुरू व्हायचा. वाळलेलं धांडं घ्यायचं, वरची साल सोलून तिच्या लांब कामट्या काढायच्या, आतलं पांढरं भेंड हलकं फुल्ल, त्याचे ब्लेडनं तुकडे करायचे. भेंडात कामटी टोचली की खिळ्यावानी बसते. दोन उभ्या, आडव्या पाच सहा अशी गाडीची साटी झाली, कामटी वाकवून गोल केली आणि मधी आऱ्या टोचल्या की चाक, आसाला बाभळीचा काटा. काटा असा पाहिजे की सरळ आणि वाळलेला, हिरवा काटा वाकतो. बैल पण भेंडाचेच, शिंगाला बी काटेच. साल कापते हं, बोटाला चिंधी बांधून करायचं.

आता माझ्या पोराला शिकवायलोय. सुट्टीत गावी आलो की बांधावर बसतो दोघं, समोर ज्वारीत मोर उतरतेत. नायगावचं मयूर अभयारण्य आमच्याच तालुक्यात, त्यामुळं मोराचं आम्हाला अप्रूप नसायला पाहिजे पण तसं होत नाही, लांडोर पिल्लं घेऊन सरीतून चालली की गाडी राहते हातात. पोरगं विचारतंय, बाबा मोर कडब्याचा करता येतो का? येतो म्हणलं, करून बघू.

हिंगोलीकडून

आमच्याकडं रानडुकरांपायी हरभऱ्याला जुन्या साड्यांचं कुंपण असतं. लांबून बघितलं तर शिवारभर लाल, हिरव्या, जांभळ्या पट्ट्या वाऱ्यावर फडफडायलेल्या. डुकरं किती थांबतात ते सोडा, पण त्याच साडीवर सकाळी कोतवाल पक्षी बसून राहतो आणि पिकावरले किडे टिपतो, हे मी रोज बघतो.

औशाजवळून

येळवस राहिली की सगळ्यांची! मार्गशीर्ष अमावस्या, लातूर, धाराशिवकडं त्या दिवशी गाव रिकामं आणि रान भरलेलं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, ओलगे ओलगे सालम पलगे म्हणत आंबिल शिंपडत पिकाला फेरी मारायची आणि मग भज्जी, उंडे, खीर, जो येईल त्याला जेवायला बसवायचं, ओळख असो नसो. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे कोप सोडली की तोच कडबा जनावरांपुढं जातो, काहीच वाया जात नाही, सुतळी सुद्धा गुंडाळून ठेवतात. एवढा सुंदर मांडव आणि कचरा शून्य. लग्नात थर्माकोल लावणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

आणि त्याच दिवसांत आंब धरतात ते माहितीय का कुणाला? धोतराचं स्वच्छ जुनं फडकं रात्री हरभऱ्यावर पसरून ठेवायचं. पहाटे दवानं ओलं झालेलं असतं आणि त्या दवात हरभऱ्याच्या पानावरला आंबटपणा उतरलेला असतो, ते पिळून बाटलीत भरायचं. आमची आजी पोटदुखीला थेंब थेंब द्यायची. पण मी सांगतो, औषधापेक्षा त्या पहाटेसाठी जावं. पायाला दव लागतं, हरभऱ्यातून चाललं की पायावर बारीक चुणचुण होते, घाटे भरायला लागलेले असतात, तोडून तिथंच खायचे, आंबट खारट.

जालन्याहून

सुगरणीबद्दल एक विनंती आहे म्हणून लिहितोय. विहिरीवरच्या बाभळीची घरटी लोक दिवाळीत तोडून आणतात आणि हॉलमध्ये टांगतात, शोभेची म्हणून. तोडू नका. घरटं नर विणतो, ज्वारीच्या, उसाच्या पानाच्या लांब चिरफळ्या काढून आणतो आणि अर्धं झालं की थांबतो. मादी येऊन आत बसून बघते, पसंत पडलं तरच तो पुढं नळी विणतो. त्या अर्ध्या घरट्यात आतून ओल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात, पडलेलं घरटं उचलून बोट घातलं की वाळलेली माती हाताला लागते. विहिरीच्या कठड्यावर बसून मी हे तासन् तास बघितलंय, पंख फडफडवत नर मादीला बोलावतात तो आवाज सगळ्या मळ्यात.

तर मुद्दा असा की सुगरणीचा हंगाम संपला तरी घरटं वाया जात नाही. मुनिया त्यात राहायला येते, आतून थोडी पिसं, मऊ गवत अंथरते आणि तिचा संसार सुरू. या धाग्याचा जो विषय आहे ते पाखरं आपल्या आधीपासून करायलेत. खाली पडलेलं मिळालं तर खुशाल आणा, मी पण आणलंय, शाळेत लेकरांना विणकाम दाखवायला.

छत्रपती संभाजीनगरहून

मी शाळेत चित्रकला शिकवते. दौलताबादहून खुलताबादकडं जाताना कागजीपुरा लागतं, हातकागदाचं जुनं गाव. तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली त्या काळाशी या कलेची नाळ जोडतात. चिंध्या आणि रद्दी भिजवून कुटून लगदा करायचा आणि जाळीवर उचलायचा, मूळ तत्त्व एवढंच. ते बघून आल्यावर मुलांसोबत वर्गात केलं. भरलेल्या वह्यांची पानं फाडून रात्रभर भिजत घातली, मिक्सरमध्ये फिरवली, घमेल्यात भरपूर पाण्यात सोडली. जुन्या फोटोफ्रेमला मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली, ती पाण्यात तिरपी घालून आडवी उचलायची आणि हलकेच डावीउजवी हलवायची म्हणजे लगदा सारखा बसतो. सुती कापडावर उलटी करून, वर दुसरं कापड, वर पाट, पाटावर एखादं मूल उभं! सावलीत वाळवा, उन्हात कागद वाकडा होतो. फाल्गुनात पळसाची फुलं उकळून ते पाणी लगद्यात घातलं तर फिकट केशरी कागद होतो. मुलं लगद्यात लिंबाची पानं, गवताचं तुरं काय काय घालतात, त्यासाठी मधल्या सुट्टीत मैदानभर वाकून शोधत फिरतात. एका मुलीनं मला विचारलं, बाई, आपल्या शाळेत किती प्रकारचं गवत आहे? मग आम्ही सगळे मोजायलाच निघालो.

किनवटहून

पळसाला पानं तीनच, पण त्या पानांच्या पत्रावळीवर आमच्याकडं पंगती उठायच्या. माझी मामी अजून करते, सुकल्या गवताच्या कडक काडीनं टाचत जाते. मधलं मोठं पान आधी, देठ खाली, बाकीची भोवतीनं एकावर एक. जेवण झालं की शेळ्या खातात, उरलं ते खड्ड्यात. कोवळं पान नको, फाटतं.

पुन्हा अंबाजोगाईहून

असल्या साड्यांची वाकळ होते का असं दोघींनी वेगळं विचारलंय म्हणून सांगते, नायलॉनच्या, जॉर्जेटच्या साड्या वाकळीला घेऊ नका, थर सरकतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतात. त्यांचा दोर वळा. साडी उभी फाडून चार बोटांच्या पट्ट्या करायच्या, दोन पट्ट्या खुंटीला बांधून दोन्ही एकाच बाजूला पिळायच्या आणि मग एकमेकींवर उलट्या पिळायच्या, सोडलं तरी उसवत नाही. पट्टी संपत आली की दुसरी गाठ न मारता पिळातच घालायची. असल्या दोरानं आम्ही बाज विणलीय, सुंभासारखी टोचत नाही. रंग मात्र शेजारी शेजारी ठेवताना बघून ठेवा, आमच्या बाजेवर निळा आणि पिवळा आलाय आणि ती लिंबाखाली टाकली की घरातली सगळी तिच्यावरच येऊन बसतात.