यार्डाचा भोंगा आणि विमानहल्ल्याचा भोंगा: दोन्हीला एकच शब्द चालेल का?

क्लाइडकाठची
मंडळी, एका शब्दावर आठवडाभर अडलेय. मी ग्लासगोजवळ राहते आणि दहा ते तेरा वयाच्या मराठी मुलांसाठी छोटी कादंबरी लिहितेय, क्लाइडबँक गावातली, १९३९ ते १९४१ मधली. क्लाइड नदीच्या काठचं हे गाव दोन गोष्टींवर जगायचं, जॉन ब्राऊनचं शिपयार्ड आणि सिंगरचा शिलाई मशीनचा कारखाना. 'क्वीन मेरी' जहाज इथलंच. आता यार्ड उरलं नाही, नदीकाठी १९०७ची १५० फुटी टायटन क्रेन तेवढी उभी आहे.

माझ्या गोष्टीतली मुलगी अकरा वर्षांची, बाप यार्डात रिबीट मारतो, म्हणजे जहाजाचे पत्रे जोडणारे तापवलेले खिळे ठोकतो. घर सगळं यार्डाच्या भोंग्यावर चालतं, तो झाला की आई बटाटे उतरवते, धाकटा भाऊ जिन्यात जाऊन बसतो. मग युद्ध सुरू होतं आणि सगळ्या कारखान्यांचे भोंगे सरकार बंद करतं, विमानहल्ल्याच्या इशाऱ्याशी गल्लत नको म्हणून. दीड वर्ष तो आवाज नाही. आणि १३ मार्च १९४१, गुरुवार, रात्री नऊच्या सुमाराला इशारा वाजतो. सहा वर्षांचा भाऊ झोपेतून उठतो आणि म्हणतो, "भोंगा झाला, बाबा आले."

सगळं प्रकरण या वाक्यावर उभं आहे. इंग्रजीत दोन आवाजांना दोन शब्द आहेत, मराठीत मला दोन्हीकडे भोंगाच येतो. मैत्रिणीने वाचून सांगितलं की मुलं गोंधळतील, एक भोंगा ठेव आणि एक सायरन कर. पण सायरन लिहिलं की भावाची चूक चूकच वाटत नाही, शब्दानेच ती आधी फोडून टाकलेली असते. काय करू?

लालबागकर
ताई, माझं मत स्पष्ट आहे. भोंगा गिरणीचाच. आमच्याकडे पहिल्या भोंग्याला आई डबा भरायची, दुसऱ्याला वडील चपला घालून जिना उतरत असायचे. सात, साडेतीन, रात्रीचे बारा, घड्याळ आमच्याकडे नव्हतंच. जानेवारी १९८२ला संप झाला आणि तो आवाज गेला तेव्हा माझी आजी कितीतरी दिवस पहाटे उठून बसायची, भोंगा झाला का विचारायची. तुमची गोष्ट वाचून तीच डोळ्यासमोर आली. हा शब्द भाकरीचा आहे हो, त्यात बॉम्ब घालू नका. विमानाचा तो सायरन, आम्ही तसंच म्हणायचो.

दादरची मावशी
लालबागकर, तुम्ही म्हणत असाल सायरन, आम्ही नाही. १९७१ला मी नऊ वर्षांची होते. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले, आणि आई ओरडायची "भोंगा झाला, दिवा घालवा." सायरन हा शब्द शाळेतल्या बाईंचा, घरातला नव्हे. आणि आमच्या आजीने दोन नावं पाडली होती, रडका भोंगा आणि सरळ भोंगा. रडका म्हणजे आवाज वरखाली वरखाली होतो तो, विमानं येताहेत, जिन्याखाली चला. सरळ म्हणजे एकाच सुरात लांब वाजतो तो, गेली, आता झोपा. तुमच्या क्लाइडबँकलाही इशारा असाच असणार, वरखाली म्हणजे धोका आणि सलग म्हणजे सुटका. बघा उपयोग होतो का.

क्लाइडकाठची
मावशी, हो, अगदी तसाच होता! रडका भोंगा वाचून अंगावर काटा आला. म्हणजे यार्डाचाही सरळच की, एका सुरातला. मग भावाची चूक तेव्हा व्हायला हवी जेव्हा तो सरळ भोंगा ऐकतो, म्हणजे सकाळी, सगळं संपल्यावर... आता तर प्रकरणच फिरवावं लागेल.

अक्षरवेध
मला दोन्ही शब्द मुलांच्या पुस्तकात खटकतात. भोंगा म्हटलं की आजच्या मुलाला खांबावरचा लाऊडस्पीकर दिसतो, गिरणी त्याने पाहिलेली नाही. आणि सायरन तर थेट परका, ग्रीक कथांमधल्या खलाशांना भुलवणाऱ्या बायकांवरून आलेला. आपण 'इशारानाद' किंवा 'धोकातुतारी' असा शब्द का घडवू नये? सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हाही लोक कुरकुरले असतील, आज कोणाला ते कृत्रिम वाटतात का? मुलांच्या पुस्तकातूनच नवे शब्द रुजतात, तिथेच आपण हात आखडता घेतो.

दादरची मावशी
अहो पण सहा वर्षांचं पोर झोपेतून उठून "धोकातुतारी झाली" म्हणेल का?

अक्षरवेध
तो म्हणणार नाही, निवेदक म्हणेल. संवाद आणि निवेदन यांची भाषा वेगळी असू शकते.

सांगलीचा_मास्तर
आजच्या मुलांना भोंगा कळत नाही हे मान्य नाही. आमच्या जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि गावात टीव्ही, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. २०२२ पासून चालू आहे. पेपरांतही भोंगाच छापून आलं. शब्द जिवंत आहे, काम नवं मिळालंय इतकंच.

बाकी भोंगा हा भुंग्यापासून आला असं आमचे एक जुने शिक्षक सांगायचे. भुंगा भों करतो, भोंगाही भों करतो. मला पटतं.

लालबागकर
भुंगा गुणगुणतो, भोंगा अख्खं परळ उठवायचा. मला वाटतं भोंगळशी नातं असावं, आतून पोकळ ते. कर्ण्यासारखं तोंड असायचं ना त्याला.

अक्षरवेध
मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात बघून कोणीतरी सांगा.

सांगलीचा_मास्तर
मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि मुंबईत दावरांची पहिली कापडगिरणी सुरू झाली १८५६ला. गिरणीचा अर्थ त्यात कुठून येणार? शब्द मिळाला तरी जुना अर्थ मिळेल, आपल्याला हवा तो नाही.

नाखवा_रत्नागिरी
भोंग्याचं तुम्ही बघा, मला दुसरंच खुपतंय. ताई, तुम्ही सारखं यार्ड यार्ड का लिहिताय? गोदी हा चांगला शब्द असताना! यार्ड म्हटलं की मराठी पोराला रेल्वेचं यार्ड दिसतं.

लालबागकर
गोदी म्हणजे माल चढवायची-उतरवायची जागा. गोदी कामगार म्हणजे हमाल, क्रेनवाले. १४ एप्रिल १९४४चा मुंबई गोदीतला स्फोट घ्या, फोर्ट स्टिकीन बोट कापूस आणि दारूगोळा घेऊन धक्क्याला लागलेली होती. तिथे कोणी जहाज बांधत नव्हतं.

नाखवा_रत्नागिरी
आणि विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत, गिर्ये गावाला, खडक फोडून केलेली आरमारी गोदी आहे ती काय माल उतरवायला? आंग्रे-धुळपांच्या वेळची गलबतं तिथे बांधून आणि दुरुस्त होऊन निघायची. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची जहाजं बांधली, त्यातलं १८१७चं त्रिंकोमाली अजून पाण्यावर आहे, आणि कुठे, तर इंग्लंडात हार्टलपूलला. तुमच्या ताईंना तर जाऊन बघता येईल. गोदी हा बांधणाऱ्यांचाच शब्द, हमालांकडे तो नंतर गेला. शिवाय गोदी म्हणजे मांडी, जहाज तिच्या मांडीवर वाढतं. यापेक्षा चांगली व्युत्पत्ती कुठे मिळणार?

अक्षरवेध
व्युत्पत्ती गोड आहे म्हणून खरी ठरत नाही. पण गोदीला माझा पूर्ण पाठिंबा.

क्लाइडकाठची
नाखवा, माझे आजोबा माझगाव डॉकला होते आणि घरात "गोदीत गेलेत" असंच म्हणायचे, त्यामुळे मन गोदीकडेच ओढतं. पण क्लाइडबँकला जहाज उतरत्या धक्क्यावर उघड्यावर बांधत आणि तयार सांगाडा नदीत सोडत, ती खोदलेली गोदी नाही. म्हणून अडते. असंच चाळीचंही आहे. तिथली घरं म्हणजे तीन-चार मजली दगडी इमारती, एका जिन्यावर सगळी बिऱ्हाडं, संडास जिन्याच्या वळणावर सामाईक. मी बेधडक चाळ लिहिलंय. १३ आणि १४ मार्चच्या त्या दोन रात्रींच्या बॉम्बहल्ल्यात गावातल्या सुमारे १२,००० घरांपैकी बोटांवर मोजण्याइतकी धड राहिली, ५०० हून जास्त माणसं गेली, आणि यार्ड मात्र बरंचसं वाचलं. सिंगरच्या लाकडांच्या वखारीची आग नदीच्या दोन्ही काठांना उजेड देत होती.

लालबागकर
चाळ लिहा, डोळे झाकून लिहा.

अक्षरवेध
चाळ लिहिलंत तर मुलं गिरगाव बघतील, स्कॉटलंड नाही. परकी जागा थोडी परकी राहायला नको का?

वर्कशॉपवाला_भोसरी
उशिरा आलो. रिबीट हा शब्द वापरलात त्याबद्दल आभार, पुस्तकातले लोक रिव्हेट लिहितात, आमच्याकडे कोणी म्हणत नाही. एक सांगतो, टोळी नीट दाखवा. भट्टीवर पोर, ते लालभडक रिबीट चिमट्याने फेकतं, दुसरं पोर डब्यात झेलतं आणि भोकात घालतं, मागच्या बाजूने एकजण डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, दाबून धरतो आणि पुढून दोघे आळीपाळीने हातोडा मारतात, बहुधा एक उजवा एक डावखुरा. रिबीट काळं पडायच्या आत डोकं बसलं पाहिजे. झेलणारं पोर चौदा-पंधराचं असायचं, तुमच्या वाचकांपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठं, ते त्यांना भिडेल.

आणि मुख्य मुद्दा कोणी बोललंच नाही. तिच्या बापाला भोंगा ऐकू येतो का? माझे वडील टाक्या बनवायच्या कारखान्यात तीस वर्षं रिबीट मारत होते, चाळिशीतच कान गेले. बंद पत्र्यात बसून डॉली धरणाऱ्याचे तर सगळ्यात आधी जातात. कारखान्याचा भोंगा घरापर्यंत यायचा, आम्ही पोरं उठायचो, वडील झोपलेलेच. आई काही न बोलता त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायची, ते उठायचे. आमच्या घरात भोंगा म्हणजे तो हात.

दादरची मावशी
बाई गं.

क्लाइडकाठची
दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री बाप घरी असेल आणि झोपलेला असेल, तर त्याला उठवणार कोण, मुलगीच ना. विचारून घेते, तो खांद्यावरचा हात मी गोष्टीत घेतला तर चालेल का? आणि भट्टीतून निघालेलं रिबीट झेलताना हुकलं, खाली पडून काळं पडलं, तर त्याला तुमच्याकडे काय म्हणायचे?

वर्कशॉपवाला_भोसरी
घ्या की. पडलेल्याला आम्ही मेलेलं रिबीट म्हणायचो, परत भट्टीत.

नाखवा_रत्नागिरी
आमच्याकडे गलबताच्या तळाच्या मुख्य लाकडाला पठाण म्हणतात, तुमच्या लोखंडी जहाजालाही तोच शब्द चालेल. आणि यार्ड काढा हो ताई.